देशमुख, पण कुठले?

लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, नेहरूंच्या मंत्रिमंडळातले कृषिमंत्री पंजाबराव देशमुख आणि चित्रकूटला खेडी उभी करणारे नानाजी देशमुख. चौघांचं आडनाव एकच, पण त्यांच्या काळच्या रीतीनं या चार घरांत आपसात एकही सोयरीक जुळली नसती. लोकहितवादी चित्पावन, चिंतामणराव चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, पंजाबराव विदर्भातल्या मराठा-कुणबी घरातले आणि नानाजी देशस्थ. (रीतीचं म्हणाल तर यातल्या दोघांनी ती जुमानलीच नाही. पंजाबरावांनी १९२७ मध्ये आंतरजातीय लग्न केलं. चिंतामणरावांची पहिली पत्नी इंग्रज आणि दुसऱ्या राजमहेंद्रीच्या दुर्गाबाई. नानाजी तर अविवाहितच राहिले.)

म्हणूनच महाराष्ट्रात नुसतं ‘देशमुख’ सांगून भागत नाही. समोरचा लगेच विचारतो, ‘कुठले देशमुख?’ गाव कळलं की पुढचा प्रश्न येतो, ‘मूळ आडनाव काय?’ आडनाव सांगितल्यावर पुन्हा मूळ आडनाव विचारलं जातं, कारण देशमुखी हे रक्ताच्या नात्याचं नाव नाही. ते एका मिळकतीचं नाव आहे. ती मिळकत ज्या ज्या घराकडे होती त्या त्या घरानं ते लावलं, मग घर कुठल्याही जातीचं असो.

बहमनी आणि त्यानंतरच्या निजामशाही-आदिलशाहीच्या काळात दख्खनचा मुलूख परगण्यांत वाटलेला होता. एका परगण्यात कधी वीस-पंचवीस, तर कधी शंभराहून जास्त गावं असत. गावाचा प्रमुख पाटील आणि हिशेब ठेवणारा कुलकर्णी, तसा परगण्याचा प्रमुख देशमुख आणि हिशेबनीस देशपांडे. उत्तरेत मोगलांच्या कागदांत याच जोडीला चौधरी आणि कानुगो म्हणत. दक्षिण कोकण, गोवा आणि कर्नाटकाकडे देशमुखाच्या जागी देसाई भेटतो. सुलतानाचे अंमलदार, हवालदार, ठाणेदार यायचे आणि बदलून जायचे. देशमुख मात्र तिथेच राहायचा. कुठली जमीन कोण कसतो, ओढ्याच्या कोणत्या बाजूला शीव आहे, कुणाकडून सारा निघेल आणि कुणाकडून नाही, हे त्याला ठाऊक असे. त्याला वगळून मुलखात वसूल होत नसे आणि लढाईच्या वेळी माणसंही जमत नसत. एखाद्या राजाच्या दरबारात त्याला उमराव म्हटलं नसेल, पण आपल्या खोऱ्यापुरता तो राजाच होता.

या कामाबद्दल त्याला पगार नव्हता, हक्क होते. ठरावीक जमीन इनाम, वसुलात हिस्सा आणि त्याखेरीज ‘हक्क-लाजिमा’. तेल्याकडून तेल, चांभाराकडून जोडा, धनगराकडून बकरा, तांबोळ्याकडून पानं. शिवाय मान. होळीची पहिली पोळी, पोळ्याला पहिला बैल, दसऱ्याच्या शिलंगणात पुढचं पाऊल. आज हा मान पोकळ वाटेल. त्या काळी त्यासाठी खून पडले आहेत, कारण मान घेणारा तोच वतनदार असा त्याचा अर्थ होता. पंचांसमोर पुरावा म्हणून हीच वहिवाट सांगितली जायची.

देशमुखी हे वतन होतं, म्हणजे वंशपरंपरा चालणारी मिळकत. ते विकता येई, गहाण ठेवता येई, लेकीला आंदण म्हणून त्यातला भाग देता येई आणि मुख्य म्हणजे वाटता येई. बाप गेला की चार मुलांत चार तक्षिमा, म्हणजे वाटे, पडत. थोरल्या पातीकडे वडीलकी, म्हणजे कागदावर पहिलं नाव आणि पहिला मान. धाकट्या पात्यांना उत्पन्नाचा वाटा. पण देशमुख सगळेच. इंग्रज सरदारांत किताब थोरल्या मुलाकडे जातो आणि धाकटे हळूहळू सामान्य माणसांत मिसळतात. दख्खनमध्ये तसं झालं नाही. चार पिढ्यांत उत्पन्नाचे तुकडे होत होत ते चिमूटभर उरलं, पण नाव कुणाच्याच वाट्याला कमी आलं नाही. एकेका गावात देशमुखांची निम्मी आळी असते, त्याचं कारण इथे आहे.

वाटण्या आल्या तिथे भाऊबंदकी आली. देशमुखीचे तंटे हे मराठ्यांच्या इतिहासाच्या कागदपत्रांतलं एक मोठं दालनच आहे. गोतसभा बसायची, पाटील, शेटे-महाजन आणि बारा बलुतेदार आपापल्या निशाण्या करून महजर, म्हणजे निवाडापत्र, लिहून द्यायचे. पुराव्यांनी निकाल लागला नाही तर दिव्य. रवादिव्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हातानं काढावा लागे. मग हाताला पिशवी बांधून लाखेची मोहोर लावत आणि काही दिवसांनी ती उघडून हात पाहत. हात शाबूत तो वतनदार. एवढ्यावर थांबेल तो भाऊबंद कसला! पुढच्या पिढीत तोच तंटा नव्या राजवटीपुढे नव्यानं उभा राहायचा.

शिवाजी महाराजांचा सुरुवातीचा सगळा डाव याच मंडळींशी होता. बारा मावळांत खोऱ्याखोऱ्यांतून देशमुख होते: रोहिडखोऱ्यात कारीचे जेधे, हिरडस मावळात बांदल, उत्रौळीचे खोपडे. त्यातले काही पदरी आले, काहींना नमवावं लागलं. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला, तेव्हा वतन जप्त होण्याची धमकी प्रत्येकासमोर होती. कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडलं आणि ते महाराजांकडे राहिले. खंडोजी खोपडे खानाला मिळाला. पुढच्याच वर्षी घोडखिंडीत बांदलांचे मावळे कामी आले. त्यांचं नेतृत्व करणारे बाजीप्रभू हे बांदलांचेच देशपांडे होते, हेही इथे ध्यानात घेण्यासारखं आहे. देशमुख आणि देशपांडे ही जोडी चित्रपटांत निव्वळ आडनावांची दिसते. त्या खिंडीत ती एका परगण्याची यंत्रणा होती.

महाराजांनी देशमुख्या खालसा केल्या, असं सरसकट म्हणता येत नाही. त्यांनी त्यांचे दात काढले. सभासद बखरीत याचं वर्णन आहे: देशमुखांनी वाडे-हुडे बांधून, बंदूकधारी ठेवून गावं ताब्यात घेतली होती, मन मानेल तसा वसूल चालत होता. महाराजांनी हुडे पाडायला लावले, त्यांचे हक्क रोख आणि धान्यात ठरवून दिले आणि वसुलाचं काम आपल्या कारकुनांकडे घेतलं. त्याच वेळी ते स्वतःला दख्खनचे सरदेशमुख म्हणवत होते. सरदेशमुखीचा दहा टक्क्यांचा हक्क पुढे १७१९ मध्ये शाहूंना मोगल बादशहाच्या सनदांनी मिळाला. परगण्याच्या देशमुखाला नमवून सबंध दख्खनची देशमुखी आपल्याकडे घ्यायची, यातला मुत्सद्दीपणा वाखाणण्यासारखा आहे.

ही घडी राजाराम महाराजांच्या काळात विसकटली. औरंगजेब दख्खनमध्ये ठाण मांडून बसलेला, राजा जिंजीत, खजिन्यात पैसा नाही. लढणाऱ्याला द्यायला वतनाखेरीज काय होतं? एकाच देशमुखीच्या सनदा दोन दावेदारांना दोन बाजूंनी मिळू लागल्या. त्या धांदलीतून गेलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी नंतर आज्ञापत्रात वतनदारांवर एक प्रकरणच लिहिलं. हे लोक म्हणजे छोटे छोटे राजेच, त्यांना गोंजारावंही आणि मुठीतही ठेवावं, असा त्याचा मथितार्थ. अमात्यांच्या लिखाणात अनुभवाचा जो कडवटपणा आहे, तो कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त सांगून जातो.

आता एक गंमत. इतिहासात गाजलेल्या देशमुखांचे वंशज आज बहुधा देशमुख आडनाव लावत नाहीत. मावळात जेधे, बांदल, पुण्याकडे शितोळे, मसूरला जगदाळे, म्हसवडला माने, फलटणला नाईक निंबाळकर, सिंदखेडला जाधव. हे सगळे देशमुख, पण त्यांचं कुळाचं नावच इतकं मोठं होतं की हुद्दा त्यापुढे फिका पडला. फार तर दोन्ही जोडून ‘जेधे देशमुख’ असं लिहिलं जातं. शिवजन्माची तारीख ठरवताना ज्या जेधे शकावलीचा आधार घेतला जातो, ती याच जेधे देशमुखांच्या दप्तरातून आली आणि लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये छापली. म्हणून पश्चिम महाराष्ट्रात देशमुखी घराणी पुष्कळ असूनही देशमुख हे आडनाव त्या मानानं विरळ दिसतं.

विदर्भ आणि मराठवाड्यात नेमकं उलटं झालं. तिथे हुद्द्यानं कुळाला गिळलं. पंजाबरावांचं घराणं मूळचं कदम, पण अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या या घराची ओळख देशमुख अशीच राहिली. वऱ्हाडात तर देशमुख हा स्वतंत्र सोयरिकीचा गट बनला. देशमुखाची मुलगी देशमुखातच द्यायची, भोवतालच्या कुणब्यांपेक्षा आपण वरचे, अशी ती समजूत. ‘देशमुखी थाट’ हा शब्दप्रयोग तिकडे आजही कौतुकानं आणि टोमण्यानं असा दोन्ही परींनी वापरला जातो. लोकहितवादींच्या घराचंही तसंच. मूळ आडनाव सिद्धये, देशमुखीच्या वतनामुळे देशमुख. गंमत अशी की ‘प्रभाकर’मध्ये १८४८ पासून शतपत्रं लिहून वंशपरंपरेनं आलेल्या मोठेपणावर कोरडे ओढणाऱ्या माणसाचं स्वतःचं आडनाव असं वंशपरंपरेचं होतं.

हे नाव कायमचं चिकटलं ते इंग्रजांच्या कागदांमुळे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. १८३६ च्या सुमारास इंदापूरपासून नव्या पद्धतीची जमीनमोजणी आणि आकारणी सुरू झाली. सरकार थेट शेतकऱ्याकडून सारा घेऊ लागलं आणि परगण्याच्या मधल्या माणसाचं काम संपलं. इनाम कमिशननं सनदा तपासायला मागितल्या. ज्यांच्या सनदा टिकल्या त्यांच्याकडून चाकरी न घेता, ठरावीक रक्कम कापून उत्पन्न चालू ठेवलं. थोडक्यात, देशमुखांना बसून खायची सोय झाली. त्याच सुमारास शाळेचा दाखला, कचेरीचं हजेरीपत्रक, कोर्टाचा दावा अशा प्रत्येक ठिकाणी नाव, बापाचं नाव आणि आडनाव असे तीन रकाने आले. अधिकार गेला होता, पण तिसऱ्या रकान्यात लिहायला तोच हुद्दा हाताशी होता.

मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्यानं, १ मे १९५१ पासून, परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द झाली. देशमुखी कायद्यानं संपली ती त्या दिवशी. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, तिथली कथा वेगळी. आणि तेलंगणाची तर फारच वेगळी.

निजामाच्या राज्यात पहिल्या सालारजंगांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जिल्हे पाडून सरकारी वसुली सुरू केली आणि देशमुखांना त्या बदल्यात रोख ‘रुसूम’ बांधून दिला. पण मोजणीच्या काळात जमिनी आपल्या नावे करून घेण्याची संधी त्यांनी सोडली नाही. तेलंगणाचा देशमुख हा ‘दोरा’ झाला, मालक. त्याच्या वाड्याला तिथे गडी म्हणतात, मराठवाड्यात गढी म्हणतात तीच. गावातल्या परीट, चांभार, धनगर सगळ्यांकडून फुकट काम म्हणजे ‘वेट्टी’ घेतली जायची. विसनूरच्या रामचंद्र रेड्डी देशमुखाच्या ताब्यात सुमारे ४० हजार एकर जमीन असल्याचं पी. सुंदरय्या यांनी तेलंगणाच्या लढ्यावरच्या ग्रंथात नोंदवलं आहे. पालकुर्तीच्या चाकली ऐलम्मा या परीट बाईनं याच देशमुखाविरुद्ध आपलं पीक राखलं. कडवेंडीत ४ जुलै १९४६ रोजी याच देशमुखाच्या माणसांच्या गोळीनं दोड्डी कोमरय्या मारला गेला आणि सशस्त्र लढा पेटला. आज मात्र तेलंगणात देशमुख आडनावाची माणसं फार नाहीत. तेलुगू घराचं नाव बहुधा गावावरून येतं आणि नावापुढे रेड्डी किंवा राव लागतं. तिथे देशमुख हे बिरुद राहिलं. सत्ता गेली तसं तेही गेलं.

महाराष्ट्राच्या उत्तरेला आणि पूर्वेला गेलं तर हे आडनाव हिंदी-छत्तीसगढी मुलखात अनपेक्षितपणे भेटतं. बैतूलकडच्या भोयर पवारांत देशमुख हे एका कुळाचं नाव आहे. छत्तीसगडमधल्या दुर्ग-बालोद पट्ट्यातल्या दिल्लीवार कुर्मी समाजात देशमुख पुष्कळ. दुर्गजवळच्या बघेरा गावचे दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१ मध्ये ‘चंदैनी गोंदा’ हा लोककलेचा मंच उभा केला आणि छत्तीसगढी गाण्यांना, नाचांना प्रतिष्ठा मिळवून दिली. नागपूरकर भोसल्यांचा अंमल त्या मुलखावर १८५४ पर्यंत होता, त्यामुळे मराठी दरबारी हुद्दे तिथे ओळखीचे होते. पण रायपूरच्या रस्त्यावर भेटलेल्या देशमुखाला मराठीत हाक मारली तर तो चटकन उत्तर देईलच असं नाही.

कोकणात आणखी एक वळण आहे. रायगड-रत्नागिरीच्या कोकणी मुसलमानांत देशमुख, देसाई, मुकादम, काझी ही आडनावं शेजारी शेजारी नांदतात. हुद्दा मुसलमान घराकडे असला तर आडनावही त्याच घराचं, इतकं हे सरळ आहे. चिंतामणरावांचं नातं रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या नाते गावाशी. गोव्यात उतरलं की देशमुख मागे पडतो आणि देसाई, सरदेसाई, प्रभुदेसाई, फळदेसाई, नाईकदेसाई अशी रांग लागते. पोर्तुगिजांशी १८५२ आणि १८९५ मध्ये झुंजलेले सत्तरीचे राणे हेही देसाईच, आणि तेही जेध्यांसारखे कुळाच्या नावानंच प्रसिद्ध.

पुढचा प्रवास सांगायला इतिहासकाराची गरज नाही. गढ्यांची पांढरी माती पावसाळ्यागणिक विरघळत गेली. शिक्षणाची ऐपत होती ती मुलं पुण्या-मुंबईला आणि साठच्या दशकानंतर अमेरिकेला गेली. राजकारणात हे नाव टिकलं, पण एका रंगात नाही. बाभळगावच्या गढीतून विलासराव दोनदा मुख्यमंत्री झाले. सांगोल्याचे गणपतराव शेतकरी कामगार पक्षाच्या लाल झेंड्याखाली अकरा वेळा आमदार झाले आणि एसटीनं फिरणारा आमदार म्हणून ओळखले गेले. निजामकालीन कागदांत मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातल्या जुन्या दप्तरांची पुन्हा झाडाझडती सुरू झाली. जातीच्या दाखल्यासाठी देशमुख हे आडनाव बिनकामाचं, कारण ते सगळ्यांचंच आहे. तिथे लागतो तो पणजोबाच्या नावापुढचा जातीचा रकाना.

या सगळ्या हकिकतीत बायका कमी दिसतात, पण त्या नव्हत्या असं नाही. हिरडस मावळाची देशमुखी काही काळ दिपाऊ बांदल यांनी सांभाळली. माहूरच्या उदाराम देशमुख घराण्यातल्या सावित्रीबाई ‘रायबागन’ या किताबानं मोगलांच्या बाजूनं लढायला उतरल्या आणि १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाबरोबर महाराजांच्या कोंडीत सापडल्या. तरी तक्षिमा पडायच्या त्या मुलांच्या. लेकीला आंदण मिळे, पाती नाही.

मुंबईतल्या पेडर रोडचं अधिकृत नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग आहे. या शल्यविशारदानं मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेल्या विधेयकातून १९३७ चा हिंदू स्त्रियांच्या संपत्ती-हक्काचा कायदा झाला. ‘देशमुख कायदा’ म्हणूनच तो ओळखला गेला. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाइतका वाटा त्यानं प्रथमच दिला, तोही फक्त हयातीपुरता. पण फेडरल कोर्टानं १९४१ मध्ये सांगितलं की शेतजमिनीवर असा कायदा करण्याचा अधिकार मध्यवर्ती कायदेमंडळाला नव्हताच. म्हणजे ज्या जमिनीवर देशमुखी उभी होती, नेमकी तीच देशमुख कायद्यातून निसटली. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं वाटा महाराष्ट्रानं १९९४ च्या दुरुस्तीनं आणि देशानं २००५ च्या दुरुस्तीनं दिला. त्यामुळे देशमुखांच्या सातबाऱ्यावर आता सासरी गेलेल्या लेकींची नावं चढतात, आणि त्या रकान्यात देशमुखांच्या खाली पाटील, कदम, कुलकर्णी अशी आडनावं वाचायला मिळतात.